वाचनात अडखळणारे मूल : वेळीच ओळख, वेळीच मदत

प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाच्या वाटचालीत देशाने एक महत्त्वाचा टप्पा गाठला आहे. सर्व शिक्षा अभियान आणि त्यानंतर १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम यांमुळे सहा ते चौदा वर्षे वयोगटातील बहुतेक मुलांची नावे आज शाळेच्या पटावर आहेत. परंतु शाळेत दाखल झालेले मूल वाचायला शिकतेच असे नाही. ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते २३.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी चारपैकी तीन मुले अद्याप या पायरीच्या खाली आहेत, असाही या आकड्यांचा अर्थ होतो.

तिसरी इयत्ता हा येथे कळीचा टप्पा आहे. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि तिसरीपासून वाचून शिकू लागते. परिसर अभ्यासाचा धडा, गणितातील शाब्दिक उदाहरण, प्रश्नपत्रिकेतील सूचना हे सारे वाचता येते असे गृहीत धरूनच पुढचा अभ्यासक्रम आखलेला असतो. ज्या मुलाला हा टप्पा ओलांडता येत नाही, ते केवळ भाषेतच नव्हे, तर सर्वच विषयांत मागे पडत जाते. अशा मुलाला मदत कशी करावी आणि ती केव्हा सुरू करावी, या प्रश्नांचा विचार मध्य प्रदेशातील जबलपूर या बहुभाषिक शहराच्या व जिल्ह्याच्या संदर्भात येथे केला आहे.

जबलपूरची भाषिक पार्श्वभूमी

नर्मदाकाठच्या या शहराचे मराठीशी जुने नाते आहे. गोंड राजवटीनंतर हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडे आणि नंतर नागपूरकर भोसल्यांकडे आला व १८१७ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाडी कारखाना, त्यानंतरचे खमरिया येथील दारूगोळा कारखाना व वाहन निर्मिती कारखाना, उच्च न्यायालय, लष्करी छावणी आणि पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय यांमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबांची संख्याही लक्षणीय आहे.

याचा परिणाम वर्गात दिसतो. पहिलीच्या एकाच वर्गात घरी बुंदेली वळणाची हिंदी बोलणारी मुले, मराठी घरातील मुले, तेलुगू किंवा बंगाली घरातील मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. जिल्ह्यातील कुंडम विकासखंडात गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. तेथील मुलांच्या घरातील बोली आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण हिंदी यांत बरेच अंतर असते. शहरातील अनेक मुलांना तर पहिल्या दिवसापासून इंग्रजी माध्यमाला सामोरे जावे लागते. मूल वाचनात अडखळते तेव्हा त्याच्या बुद्धीविषयी शंका घेण्यापूर्वी, त्याला कोणत्या भाषेत वाचायला सांगितले जात आहे, हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मराठी घरातील मुलाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्यामुळे अशा मुलाला हिंदी वाचणे सोपे जाईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अंशतःच खरी आहे. ‘खाली’ हा शब्द मूल अचूक वाचते. परंतु घरी त्याचा अर्थ ‘वर’च्या उलट आणि पुस्तकात ‘रिकामा’ असा होतो. ‘शिक्षा’ हा शब्द तर शाळेच्या फलकावरच लिहिलेला असतो आणि घरी तो धाकाचा शब्द असतो! उच्चारांतही भेद आहेत. ‘ज्ञ’चा उच्चार मराठीत ‘द्न्य’ आणि हिंदीत ‘ग्य’ असा होतो. ‘ऋ’ मराठीत ‘रु’कडे, तर हिंदीत ‘रि’कडे झुकतो. मराठी मुलाच्या कानाला ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ वेगळा वाटतो. हिंदीत असा दुहेरी उच्चार नाही. हिंदीत ‘ळ’ नाही, तर ‘सड़क’ या शब्दातील नुक्ता असलेला ‘ड़’ मराठी मुलाला अपरिचित असतो. अशा ठिकाणी होणारी चूक ही वाचनातील दोष नसून दोन भाषांच्या सीमेवरील स्वाभाविक अडखळणे असते.

बुंदेली बोलणाऱ्या मुलांबाबतही हेच म्हणता येईल. बोलीत ‘श’ऐवजी ‘स’ आणि ‘व’ऐवजी ‘ब’ असे उच्चार सहज होतात. ‘शहर’ हा शब्द पाहून मूल ‘सहर’ म्हणाले, तर त्याने शब्द ओळखला आहे आणि अर्थही जाणला आहे. त्याला प्रत्येक वेळी मध्येच थांबवून उच्चार सुधारायला लावले, तर वाचनाचा धागा तुटतो आणि ‘आपल्याला वाचता येत नाही’ ही भावना मात्र पक्की होते.

वाचनाची प्रक्रिया आणि देवनागरीची रचना

बोलणे मूल आपोआप शिकते. वाचणे शिकवावे लागते. वाचताना मनात एकाच वेळी दोन कामे चालतात. कागदावरील चिन्हाचे ध्वनीत रूपांतर करणे हे पहिले काम आणि त्या ध्वनींतून बनलेल्या शब्दांचा अर्थ लावणे हे दुसरे. पहिले काम इतके सवयीचे व्हावे लागते, की त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागू नये. तरच मनाची शक्ती अर्थाकडे वळते. एकेक अक्षर जुळवत ओळीच्या शेवटी पोहोचणारे मूल ओळीची सुरुवात विसरलेले असते. त्याला वाचलेले कळत नाही, याचे कारण बहुधा आकलनाची उणीव हे नसून वाचनाची संथ गती हे असते.

देवनागरी ही ध्वनीशी बरीच इमानदार असलेली लिपी आहे. इंग्रजीप्रमाणे एकाच अक्षराचे पाच उच्चार लक्षात ठेवावे लागत नाहीत. परंतु तिची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत आणि नवशिका वाचक नेमका तेथेच अडतो. पहिली अडचण चिन्हांच्या संख्येची आहे. मुळाक्षरे पन्नासच्या आसपास असली, तरी प्रत्येक व्यंजनाला स्वरचिन्हे लागून बाराखडी तयार होते आणि ओळखावयाच्या आकारांची संख्या चारशेच्या वर जाते. जोडाक्षरे त्याहून निराळी. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांविषयी सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतीय अक्षरलिपीतील सर्व चिन्हे आत्मसात होण्यास चौथीपर्यंतचा काळ लागतो, असे आढळले. पहिलीच्या अखेरीस सगळी अक्षरे आलीच पाहिजेत, ही अपेक्षा त्या दृष्टीने अवास्तव आहे.

दुसरी अडचण चिन्हांच्या जागेची आहे. ‘दिन’ हा शब्द वाचताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते आणि तोंडाने मात्र ‘द’ आधी उच्चारावा लागतो. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ या शब्दांत तेच ध्वनी आहेत. पण ‘र’ एकदा माथ्यावर आणि एकदा पायाशी बसतो. तिसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची : ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘थ’ आणि ‘य’. चौथी अडचण लिहिलेल्या पण न उच्चारल्या जाणाऱ्या ‘अ’ची आहे. मूल ‘क’, ‘म’, ‘ल’ अशी तीन अक्षरे पूर्ण उच्चारते. शब्द मात्र ‘कमल्’ असा म्हणावा लागतो. हिंदीत ‘चलना’ हा शब्द तर मधल्या ‘ल’चा ‘अ’ गाळून ‘चल्ना’ असा उच्चारला जातो. हा नियम मुलाला कोणी सांगत नाही. तो त्याने स्वतः ओळखावा, असे गृहीत धरलेले असते. ज्याच्या लक्षात तो येत नाही, ते मूल अक्षरे येत असूनही शब्दापाशी थबकते.

मूल नेमके कोठे अडले आहे?

‘याला वाचता येत नाही’ हे विधान मदतीच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. काय येते आणि कोठून पुढे येत नाही, हे कळल्यावाचून उपाय ठरवता येत नाही. त्यासाठी महागड्या चाचणीची गरज नाही. २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणात वापरली जाणारी पद्धत कोणत्याही शिक्षकाला किंवा पालकाला वापरता येते. एका कागदावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट लिहावी. मुलाला प्रथम परिच्छेद वाचायला द्यावा. तो सहज वाचला, तर गोष्ट द्यावी. जड गेला, तर शब्द द्यावेत. पाचपैकी चार शब्द वाचता आले नाहीत, तर अक्षरांकडे वळावे. पाच मिनिटांत मुलाची पायरी समजते. ही पाहणी मुलाला एकट्याने जवळ बसवून करावी. तिचे गुण मांडू नयेत आणि इतर मुलांसमोर निकाल सांगू नये.

पायरी ठरविण्यापूर्वी दोन गोष्टींची खातरजमा करणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट दृष्टीची. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि महिनोन्‌महिने ही अडचण कोणाच्याही लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट श्रवणाची. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’ यांतील सूक्ष्म फरक ऐकूच येत नाही. जो ध्वनी ऐकू येत नाही, त्याचे चिन्ह ओळखणार कसे? राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. दृष्टिदोष, श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचा त्यात समावेश आहे. शाळेत येणाऱ्या या आरोग्य पथकापुढे वाचनात मागे असलेली मुले आवर्जून आणणे, हे शिक्षकाच्या हातातील सोपे काम आहे.

शाळेतील अनियमित हजेरी हेही एक मोठे कारण असते. कामाच्या शोधात कुटुंब हंगामी स्थलांतर करते आणि पहिलीच्या वर्षातील दोन-तीन महिने हातून जातात. परत आलेल्या मुलाला वर्ग जेथे पोहोचला आहे तेथून शिकवले जाते. त्याचे राहिलेले तसेच राहते.

मदतीची पद्धत

वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी सर्वांत हितकारक तत्त्व म्हणजे त्याच्या इयत्तेपासून नव्हे, तर त्याच्या पायरीपासून शिकवणे. या तत्त्वाचा पडताळा महाराष्ट्राच्या राजधानीतच आला आहे. मुंबई व बडोदा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ हा उपक्रम राबविला. वस्तीतीलच एक तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट घेऊन दररोज दोन तास त्यांना पायाभूत कौशल्ये शिकवीत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, वर्गात सर्वांत मागे असलेल्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. बॅनर्जी व डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराने सन्मानित करण्यात आले. महागडी साधने नसतानाही योग्य पातळीवरील नियमित अध्यापन परिणामकारक ठरते, हा या अनुभवाचा बोध आहे.

प्रत्यक्ष मदतीची सुरुवात कानापासून करावी. शब्द हा ध्वनींचा बनलेला असतो आणि ते ध्वनी सुटे करता येतात, ही जाण वाचनाचा पाया आहे. तीत कमी पडणारी मुले अक्षरे पाठ करूनही वाचू शकत नाहीत. आपल्याकडील खेळांत ही तयारी आधीच आहे. अंताक्षरी म्हणजे शब्दाचे शेवटचे अक्षर कानाने वेगळे काढणेच होय. ‘कमल’ या शब्दासाठी तीन टाळ्या वाजवणे, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू वर्गात शोधणे, ‘नाक’मधला ‘न’ काढून ‘क’ घातला तर काय होईल, असे विचारणे, यमक जुळवणे, हे सारे खेळ कागद-पेन्सिलीवाचून दहा मिनिटांत होतात. मराठी घरातील मुलाबरोबर ते मराठीतच खेळावेत. ध्वनींची जाण एका भाषेत आली, की ती दुसरीतही उपयोगी पडते.

यानंतर अक्षरांकडे वळावे. परंतु ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमाने जाऊ नये. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत सुंदर आहे. मात्र वाचनाच्या दृष्टीने तो उशिरा फळ देतो. ‘क, ख, ग, घ’ ही चार अक्षरे शिकून मुलाला फारसे शब्द वाचता येत नाहीत. त्याऐवजी ‘न’, ‘म’, ‘क’, ‘ल’ ही अक्षरे आणि ‘आ’चा काना एवढेच प्रथम घेतले, तर ‘नल’, ‘नाक’, ‘नाम’, ‘काम’, ‘माला’, ‘कमल’, ‘नमक’ असे अनेक शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. ‘मी वाचू शकतो’ हा अनुभव हरलेल्या मुलासाठी औषधासारखा असतो. दर आठवड्याला दोन-तीन नवी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह वाढवत जावे. सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात घेऊ नयेत. ‘घ’ पक्का झाल्यावरच ‘ध’ आणावा.

वेलांटीचा गोंधळ असलेल्या मुलासाठी अक्षरपट्ट्या उपयोगी पडतात. जाड कागदाच्या एका पट्टीवर ‘द’ आणि वेगळ्या पट्टीवर वेलांटी लिहून, आधी ‘द’ उच्चारायचा आणि मग वेलांटी डावीकडे आणून ठेवायची, असे हाताने करून घेतले की डोळा आणि जीभ यांचा क्रम जुळतो. लिहिण्याचाही सराव हवा. पण तो फळ्यावरून उतरवून घेण्याचा नसावा. ऐकलेला शब्द लिहिणे आणि लिहिलेला शब्द वाचणे ही जोडी उपयुक्त असते. पानेच्या पाने नक्कल करणारे मूल सुंदर हस्ताक्षरात लिहिते आणि त्यातील एक शब्दही वाचू शकत नाही, ही स्थिती अनेक वर्गांत आढळते.

शब्द जमू लागले, की छोट्या वाक्यांचा सराव द्यावा. या टप्प्यावर गती आणण्यासाठी तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणे लाभदायक ठरते. शिक्षकाने किंवा ताईने एकदा मोठ्याने, ओळीखाली बोट फिरवत वाचावे. दुसऱ्यांदा दोघांनी मिळून वाचावे. तिसऱ्यांदा मुलाने एकट्याने वाचावे. मूल अडले, तर चार-पाच सेकंद थांबावे. नाहीच जमले, तर शब्द सांगावा आणि पुढे जाऊ द्यावे. वाचून झाल्यावर अडलेल्या दोन शब्दांकडे परत वळावे. प्रत्येक चुकीला टोकणे आणि प्रत्येक शब्द आपणच सांगणे, ही दोन्ही टोके टाळावीत.

अर्थाचा धागा मात्र पहिल्या दिवसापासून हातात ठेवला पाहिजे. मूल स्वतः केवळ तीन अक्षरी शब्द वाचत असेल, त्या काळातही त्याला रोज एक चांगली गोष्ट वाचून दाखवावी. ‘पुढे काय होईल?’, ‘तू असतीस तर काय केले असतेस?’ असे प्रश्न विचारावेत आणि उत्तर घरच्या बोलीत आले तरी स्वीकारावे. ज्या मुलाचा शब्दसंग्रह गोष्टींनी समृद्ध झालेला असतो, त्याला नंतर छापील शब्द ओळखीचा वाटतो. उद्या त्याला जे वाचायचे आहे, ते आज त्याच्या कानांवरून गेलेले असावे.

हे सर्व किती वेळ करावे? दररोज वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. रविवारी एकदम तीन तास बसविण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे कितीतरी अधिक फलदायी ठरतात. दर दोन आठवड्यांनी तोच पाच मिनिटांचा कागद पुढे ठेवून पायरी पुन्हा पाहावी आणि तारखेसह नोंद ठेवावी.

घराचा वाटा

आई-वडिलांना स्वतःला वाचता येत नसेल, तर ते मदत करू शकत नाहीत, हा समज दूर होणे आवश्यक आहे. निरक्षर आजीची गोष्ट मुलाचा शब्दसंग्रह वाढवते. मूल वाचत असताना शेजारी बसून ऐकणे, ‘पुन्हा एकदा वाच, मला आवडले’ असे म्हणणे, दुकानाची पाटी, बसवरील गावाचे नाव किंवा बिस्किटाच्या पुड्यावरील अक्षर त्याला वाचायला लावणे, यांसाठी शिक्षणाची अट नाही. मोठे भावंड साक्षर असेल, तर रोजचे वाचन त्याच्याकडे सोपवता येते.

शहरातील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. मूल शाळेत मागे पडले, की ‘घरी मराठी बोलणे बंद करा’ असा सल्ला त्यांना हितचिंतकांकडून मिळतो. हा सल्ला पाळण्याजोगा नाही. घरची भाषा काढून घेतल्याने शाळेची भाषा सुधारत नाही. उलट गोष्टी ऐकण्याचा आणि विचार मांडण्याचा मुलाचा एकमेव भक्कम आधार जातो. घरात मराठी मोकळेपणाने चालू ठेवावी आणि हिंदी व मराठी शब्दांतील फरक हसतखेळत दाखवावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची अथवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, अशी भूमिका घेतली आहे.

रागावणे, मारणे आणि भावंडांशी तुलना करणे यांचा परिणाम उलटा होतो. भ्यालेले मूल पुस्तक पाहताच पोटात दुखते म्हणू लागते. ते आळशी नसते. रोज हरण्याच्या जागी जाण्याचे ते टाळत असते.

अध्ययन अक्षमता : समज आणि गैरसमज

नियमित, पायरीनुसार मदत मिळाल्यावर बहुसंख्य मुले काही महिन्यांत पुढे सरकतात. काही थोडी मुले मात्र सर्व प्रयत्नांनंतरही अडूनच राहतात. त्यांच्यात वाचनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया असण्याची शक्यता असते. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. तो हुशार होता, गणितात चांगला होता. पण त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत चमकदार मुलगा ठरला असता, असा अभिप्राय त्याच्या शिक्षकाने दिला होता. या अडचणीचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही, हे तेव्हापासून वारंवार सिद्ध झाले आहे. ती अनेकदा एकाच कुटुंबातील अनेकांत आढळते. मेंदू ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड वेगळ्या रीतीने घालत असल्यामुळे ती निर्माण होते.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. अक्षरे उलटी काढणे म्हणजे डिस्लेक्सिया, हा पहिला. सहा-सात वर्षांची अनेक मुले अक्षरे व अंक उलटे काढतात आणि ती सवय पुढे सुटते. दुसरा गैरसमज अधिक हानिकारक आहे. निदान झाल्याशिवाय मदत सुरू करता येत नाही, असे मानून दोन-तीन मौल्यवान वर्षे वाया घालवली जातात. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारणतः आठव्या वर्षाच्या सुमारास वा त्यानंतरच दिले जाते. वर सांगितलेली मदत मात्र पहिल्याच वर्षी सुरू होऊ शकते. ती डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मुलांना उपकारक आहे. मदतीला मिळणारा प्रतिसाद हाच पुढे निदानाचा एक महत्त्वाचा आधार बनतो. दोन आठवड्यांच्या नोंदींचा तो कागद तज्ज्ञापुढे ठेवण्याजोगा असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत करण्यात आला आहे. अशा अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजणे, हे अधिनियमाच्या कलम १६ नुसार शाळांचे कर्तव्य ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शाळांसाठी ‘प्रशस्त’ ही प्राथमिक पडताळणीची सूची उपलब्ध करून दिली आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी विकसित केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांचा समावेश आहे. जबलपूरसारख्या शहरातील मराठी मुलासाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. ज्या भाषेत मूल शिकलेच नाही, त्या भाषेतील चाचणीवरून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही. प्रमाणपत्रधारक विद्यार्थ्यांना केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत प्रत्येक तासामागे वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

उपलब्ध यंत्रणा

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने वाचन व अंकज्ञानाची पायाभूत पातळी गाठावी आणि त्यासाठी २०२६-२७ ही कालमर्यादा असावी, असे लक्ष्य निश्चित केले. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द समजून वाचणे, अशा पायऱ्या त्यात आखल्या आहेत. मध्य प्रदेशात हे अभियान ‘मिशन अंकुर’ या नावाने राबविले जाते. शाळांच्या समूहासाठी जनशिक्षा केंद्र, त्यावर विकासखंड स्रोत केंद्र आणि जिल्हा पातळीवर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अशी मार्गदर्शनाची साखळी राज्यात आहे. जबलपूरला शिक्षक-प्रशिक्षणाची जुनी परंपराही आहे. येथील प्रांतीय शिक्षण महाविद्यालय मध्य भारतातील जुन्या प्रशिक्षण संस्थांमध्ये गणले जाते.

मूल मागे असल्याची शंका आल्यास पालकांनी प्रथम वर्गशिक्षकाशी बोलावे आणि शाळेत आतापर्यंत कोणती जादा मदत दिली गेली, हे विचारावे. दृष्टी, श्रवण किंवा विकासाविषयी शंका असेल, तर शासकीय जिल्हा रुग्णालय अथवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागाकडे जावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तिसरीपर्यंतच्या वाचनाच्या प्रगतीचा विषय नियमितपणे मांडता येतो. समितीतील तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी कायद्याचीच तरतूद आहे.

या प्रयत्नांना आज अधिक निकड आली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या शाळांसाठीही तसे नियम अधिसूचित झाले. जबलपूरमध्ये कारखाने, लष्कर व रेल्वे यांतील कर्मचाऱ्यांची असंख्य मुले केंद्रीय विद्यालयांत शिकतात. पहिलीत न मिळालेली वीस मिनिटांची मदत पाचवीच्या निकालात दिसून येईल आणि त्याची किंमत दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोजावी लागेल. फेरपरीक्षा व उपचारात्मक अध्यापनाची सोय नियमांत आहे. परंतु चार वर्षांची उणीव दोन महिन्यांत भरून निघणे कठीण असते.

वाचनात अडखळणारे मूल वर्गात सहसा गप्प असते. ते प्रश्न विचारत नाही, गडबड करत नाही. सामूहिक वाचनात ओठ हलवत राहते आणि वर्ष निघून जाते. प्रत्येक शाळेत पहिल्या सत्राच्या अखेरीस प्रत्येक मुलाला एकदा एकट्याने जवळ बसवून पाच मिनिटे ऐकले गेले, तर असे एकही मूल नजरेआड राहणार नाही. अभियानांची उद्दिष्टे, कायद्यातील तरतुदी आणि तज्ज्ञांच्या चाचण्या यांचे सार्थक शेवटी या पाच मिनिटांवर आणि त्यानंतरच्या रोजच्या वीस मिनिटांवर अवलंबून आहे.